पाणी प्यायल्या का?

"मॅडम, रेन डान्स आहे ना?" हा प्रश्न मला दिवसातून इतक्या वेळा विचारतात की आता फोन उचलला की समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच मी "आहे, आहे" म्हणून मोकळी होते. रेन डान्स आहे, डीजे आहे, झिपलाइन आहे, पोरांना बसायला उंट आहे. उंट म्हातारा आहे आणि माझ्याइतकाच कंटाळलेला आहे, पण आहे. पुण्याच्या आसपासच्या कॅम्पांवर, म्हणजे जिथं लोक शनिवार-रविवार तंबूत राहायला येतात तिथं, मी इतकी वर्षं नोकरी करतेय. येणाऱ्याला काय हवं ते ओळखायचं आणि ते त्याच्या पुढ्यात ठेवायचं, एवढंच काम. खरं सांगायचं तर वीट आलाय. माणसाला काय हवं असतं हे त्याला स्वतःलाही धड सांगता येत नाही, आणि जे सांगतो ते दिलं तरी तो जाताना कुरकुरतोच.

तरी कधीमधी एखादी बाई गाडीतून उतरते, आमच्या पोरीनं पुढे केलेला पाण्याचा ग्लास घेते, नुसता ओठाला लावते आणि तसाच परत ठेवते. त्या वेळी मला साहेब आठवतात. त्यांनी हे बघितलं असतं तर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले असते, "प्यायल्या नाहीत. कुठंतरी चुकतंय आपलं."

साहेब म्हणजे या धंद्यातले माझे पहिले मालक. राहायला सदाशिव पेठेत. जन्मभर एका सरकारी खात्यात इंजिनियर, आणि काम विश्रामगृहं बांधायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्ता सोडून आत, स्वतःच्या जमिनीवर कॅम्प काढला. कडुनिंबाची झाडं, थोडे तंबू, आणि एका बाजूला कॅराव्हॅनसाठी फरसबंदी जागा. कॅराव्हॅन म्हणजे आत बिछाना, ओटा, सगळं असलेली मोठी गाडी. हल्ली काही लोक संसार चाकांवर घालून फिरतात, त्यांना रात्री गाडी लावायला आणि वीज-पाणी घ्यायला जागा लागते. साहेब गेले तेव्हा सगळं त्यांच्या भाच्याकडे गेलं. तिथं आता रेन डान्स आहे असं ऐकते. मी जाऊन बघितलेलं नाही आणि बघायची हौसही नाही.

माझी मुलाखत त्यांनी स्वारगेटला घेतली, स्टँडसमोरच्या चहाच्या दुकानात, उभ्या उभ्या. मी हॉटेल मॅनेजमेंटची फाइल घेऊन, इस्त्रीचा ड्रेस घालून गेलेली. समोर एक उंच, वाळका गृहस्थ, शर्टाच्या खिशात मिस्त्रीलोकांकडे असतो तसा लोखंडी टेप. फाइल त्यांनी हातातसुद्धा घेतली नाही.

"शेवटचा लांबचा प्रवास कधी केलात?"

"दिवाळीत. कोल्हापूरला, मावशीकडे."

"वाटेत पाणी किती प्यायलात?"

मला वाटलं, गृहस्थाचं डोकं फिरलंय. पण खोटं कशाला बोला? "घोटभर," म्हटलं.

"तहान नव्हती?"

"तहान होती हो. पण मग..." मी थांबले. परक्या पुरुषाला, भर स्वारगेटवर, पुढचं काय सांगणार?

"कळलं," साहेब म्हणाले. चहाचा कप त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "उद्यापासून या. हा मात्र पिऊन जा, इथून तुमचं घर जवळ आहे."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सगळं शास्त्र समजावलं. बायका प्रवासाला निघाल्या की पाणी पीत नाहीत. पुढे सोय कशी असेल याचा भरवसा नसतो, म्हणून सकाळपासून घसा कोरडा ठेवून बसतात. गाडीतले पुरुष आपले उसाचा रस पितात, चहा पितात, रस्त्याच्या कडेला झाडाआड जाऊन येतात आणि वर बायकोला विचारतात, तू काही घेत का नाहीस? तेव्हा कॅम्पवर कुणीही बाई उतरली की तिच्या हातात पाणी द्यायचं आणि बघायचं. टक लावून नाही, सहज. ती आधी ओठ ओले करते. मग आत जाते, हातपाय धुते, आमचा संडास बघते. बाहेर आल्यावर तिनं स्वतःहून पाणी मागितलं की आपण पास. पोहण्याचा तलाव, कॅम्पफायर, गाणी, ते सगळं नंतर.

रोज संध्याकाळी ते मला एकच विचारायचे, "आजच्या पाणी प्यायल्या का?" किती बुकिंगं झाली, शनिवार भरला का, हे विचारायचे नाहीत. मला याचा संताप यायचा. अहो, बुकिंगं झाली तर बायका येणार, बायका आल्या तर पाणी पिणार! आधी माणसं तर येऊ देत की नाही? पण हे त्यांच्या डोक्यात शिरायचं नाही.

संडास मात्र त्यांनी बांधले होते बरं का. असे मी पुन्हा कुठं पाहिले नाहीत, मोठमोठ्या हॉटेलांतही नाहीत. तंबूंपासून इतक्या अंतरावर की वास नको आणि अंधारात जायची भीतीही नको. वाटेवर गुडघ्याच्या उंचीवर दिवे, म्हणजे डोळ्यांवर उजेड येत नाही आणि पायाखाली दिसतं. दाराची कडी म्हाताऱ्या बोटांनी लागेल अशी. पर्स ठेवायला कोरडी फळी, ओढणी अडकवायला खुंटी, झाकणाची कचरापेटी, उठताना धरायला दांडा, गरम पाणी, आणि आतली फरशी अशी उताराची की पाणी क्षणभर साचत नाही. दाराखाली फट नाही. फटीवर ते फार चिडायचे. "खालून पाय दिसतात म्हणजे काय? आत बसलेल्या माणसाला काय वाटत असेल?"

या खुंटीवरून एकदा शोभा झाली. खुंटी बरोबर उंचीवर आहे का हे कळेना, म्हणून साहेबांनी आमच्या स्वयंपाकाच्या हौसामावशींची एक साडी मागून घेतली, पँटवर कशीबशी गुंडाळली, खांद्याला पर्स लावली आणि आत गेले. नेमका त्याच वेळी त्यांचा भाचा एका कंपनीच्या लोकांना जागा दाखवायला घेऊन आला. भाचा आयटीतला, हिंजवडीला नोकरी. कॅम्पमध्ये त्यानंही हिस्सा घातलेला. तो सांगत होता, "सो हा आपला वॉशरूम ब्लॉक, सुपर क्लीन," आणि दार उघडून साहेब बाहेर आले. पदर एका हातात, दुसऱ्या हातात टेप. आलेल्या मंडळींकडे ढुंकूनही न बघता मला म्हणाले, "पदर भिजतो. खुंटी चार बोटं वर घ्या."

कंपनीचे लोक पुन्हा आले नाहीत हे वेगळं सांगायला नको. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता, जणू साडी मीच नेसवली होती.

सदाशिव पेठेतला माणूस, पण कॅम्पवर एकही पाटी लावू द्यायचे नाहीत. इथं थुंकू नये, पाणी जपून वापरा, चपला बाहेर काढा, काही नाही. "पाटी लावावी लागली म्हणजे सोय करणाराचं चुकलं," असं त्यांचं मत. पाहुणे चिखलाचे पाय घेऊन आत यायला लागले तेव्हा मी पाटीचा हट्ट धरला. त्यांनी पाटीऐवजी दारात नळ आणि बसायला दगड घातला. लोक आपोआप बसून पाय धुवायला लागले.

भाच्याशी त्यांचं रोज वाजायचं. भाचा वाईट नव्हता. त्याचे पैसे अडकले होते आणि शेजारच्या दोन कॅम्पांवर शनिवारी गाड्या मावत नव्हत्या, हे त्याला दिसत होतं.

"मामा, आपला यूएसपी काय? लोकांनी आपल्याकडेच का यायचं?"

"संडास."

"अरे देवा! मामा, लोक वीकेंडला संडासासाठी येतात का?"

"येत नाहीत. नसला तर जातात मात्र."

"पण आधी आले तर पाहिजेत ना! समोरच्याकडे रेन डान्स आहे, सेल्फी पॉइंट आहे. आपण वेबसाइटवर काय दाखवायचं?"

साहेबांनी शांतपणे सांगितलं काय दाखवायचं ते. आणि मालकच ते, तेव्हा तसं झालंही. आमच्या जाहिरातीतला पहिला फोटो सूर्यास्ताचा नव्हता, तंबूचा नव्हता, शेकोटीचा नव्हता. संडासाच्या दाराचा होता, आतून, कडी लावलेली, शेजारी खुंटीवर पर्स. पुढचे पंधरा दिवस मला जे फोन आले ते ऐकून मी हसावं की रडावं, कळेना. एकाला टाइल्स विकायच्या होत्या. एका गृहस्थानं विचारलं, "मॅडम, शोरूम रविवारी चालू असतं का?" वाघोलीच्या एका बाईंना सेम कडी घरी बसवून हवी होती. राहायला येतो म्हणणारं एक कुत्रं नव्हतं.

मी तरातरा गेले आणि साहेबांना म्हटलं, "बघा, काय झालं ते!"

"त्या वाघोलीच्या बाईंना बोलवा," साहेब म्हणाले. "त्यांना कळलंय."

बोलावलं. त्या खरंच आल्या, सासू, दोन नणंदा आणि सगळं लटांबर घेऊन आल्या, आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी येत राहिल्या. पण एका वाघोलीच्या बाईवर कॅम्प चालत नाही.

एकदा नाशिकहून एक जोडपं कॅराव्हॅन घेऊन आलं. आमच्याकडे आलेली ती पहिलीच. साहेब सकाळपासून शर्ट बदलून तयार. गाडी लागली, वीज जोडली, पाण्याची नळी लावली, आणि साहेबांनी त्या बाईंना हात जोडून विचारलं, "आपली हरकत नसेल तर आतला संडास बघू का?" बाई गोंधळल्या, पण हो म्हणाल्या. साहेब आत गेले ते येईचनात. आतून टेप ओढल्याचा आणि सोडल्याचा आवाज येत होता. बाहेर नवरा-बायको आणि मी हसू दाबत उभे. बऱ्याच वेळानं बाहेर आले तर डोळे पाणावलेले.

"काय झालं हो?" बाईंनी घाबरून विचारलं.

"काही नाही," साहेब म्हणाले. "तुम्हाला कुणाला गाडी थांबवायला सांगावं लागत नाही. छान आहे." आणि झपझप चालत विहिरीकडे निघून गेले.

मला तेव्हा त्या डोळ्यांतल्या पाण्याचं कारण माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. हा कॅम्प साहेबांनी काकूंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी काढला होता. काकूंनी एकदा तिथं यावं, दिवसभर राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि काकू येत नव्हत्या. कॅम्प उघडून दोन हिवाळे झाले, तरी त्या फाटकापर्यंतही आल्या नव्हत्या.

काकूंना मी पहिल्यांदा भेटले ती साहेबांचा विसरलेला चष्मा द्यायला गेले तेव्हा. सदाशिव पेठेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बुटक्या, गोऱ्या, आवाज खणखणीत. मला बसवलं, पोहे दिले, आणि मी न विचारताच म्हणाल्या, "तूच का ती, पाणी मोजणारी?"

मग त्यांनीच सगळं सांगितलं. लग्न झाल्यावर साहेबांबरोबर त्या दौऱ्यावर जायच्या. सरकारी जीप, पुढे ड्रायव्हर, मागे ओव्हरसियर. "दोन परक्या माणसांसमोर नवऱ्याला काय सांगू, गाडी थांबवा म्हणून? एकदा सांगितलं, तर हे म्हणाले, आता पोचतोच आहोत. पोचलो चार तासांनी. मग मी पाणीच सोडलं. उपासाला लोक अन्न सोडतात, मी दौऱ्याला पाणी सोडायची."

शेवटचा दौरा एका नव्या विश्रामगृहाच्या उद्घाटनाचा होता. साहेबांनीच बांधलेलं. मोठे पाहुणे, जेवणावळ, शंभरेक माणसं. संडास एकच, तो व्हीआयपी खोलीला जोडलेला, आणि त्या खोलीत मोठे पाहुणे झोपलेले. नोकरांसाठी म्हणून लांब मागे एक होता, त्याला दार होतं पण कडी नव्हती. काकू जरीची साडी नेसून सकाळपासून हसत उभ्या राहिल्या आणि तशाच पुण्याला परत आल्या. रात्री ताप भरला. त्यानंतर त्या पुण्याबाहेर पडल्याच नाहीत. माहेरच्या लग्नांनासुद्धा नाहीत.

"ह्यांना कळलंसुद्धा नाही कितीतरी वर्षं," काकू म्हणाल्या. "प्रवास आवडत नाही हिला, असं सगळ्यांना सांगायचे. रिटायर झाल्यावर एक दिवस भांडणात मी बोलून गेले. तेव्हापासून हे खूळ घेतलंय."

"मग एकदा या ना, काकू. खरंच छान केलंय."

"छान केलं असेल. माझ्या उपयोगी पडायचं होतं तेव्हा नाही केलं." त्यांनी माझी बशी उचलली. "त्यांना सांग, मी येणार नाही. आणि तू पाणी पिऊन जा, बाथरूम उजव्या हाताला आहे."

मी साहेबांना निरोप सांगितला. वाटलं, चिडतील. ते टेप आत-बाहेर करत बसले. म्हणाले, "त्या नकाशावर सही माझी होती. एक संडास, तोही आतल्या खोलीत. कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही."

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी काकूंच्या पायांवर सूज आली, आणि तपासण्या झाल्या तेव्हा मूत्रपिंडं निकामी होत आल्याचं निघालं. डॉक्टर म्हणाले, याला कारणं बरीच असतात, ब्लडप्रेशर जुनं आहे, वय आहे. साहेबांनी त्यातलं काहीच ऐकलं नाही. त्यांनी जे ठरवायचं ते ठरवून टाकलं होतं. डायलिसिस सुरू झालं. दिवसाआड सकाळी ते दवाखान्यात बसायचे आणि उरलेल्या दिवशी पहिल्या बसनं कॅम्पवर यायचे, आणि बांधलेलं पुन्हा पुन्हा बांधायचे. दांडा दोन इंच खाली. दार थोडं रुंद, चाकाची खुर्ची जाईल असं. फाटकापासून संडासापर्यंत पायरी नसलेली वाट.

मी दमले होते. गिऱ्हाईक नाही, भाच्याचे रोज फोन, आणि हा माणूस चांगली फरशी उखडतोय. एक दिवस मी फटकन बोलले, "साहेब, पुरे झालं आता! काकू येणार नाहीत. त्यांनी स्वतः सांगितलंय. तुम्ही कुणासाठी करताय हे?"

ते उकिडवे बसले होते, तसेच खाली बसले. मातीतच. "तुम्ही म्हणता ते कळतं मला," म्हणाले. "पण मी घरी बसलो की ती पलंगावरून माझ्याकडे बघते आणि काही बोलत नाही. इथं निदान माझ्या हातांना काम आहे. ती एकदा येऊन बघून नावं ठेवून गेली तरी चालेल हो मला. माझ्याशी बोलेल तरी." आणि म्हातारा माणूस माझ्यासमोर हुंदके देऊन रडला. हौसामावशी चुलीपासून धावत आल्या, "काय झालं, सायेब? बरं न्हाय का वाटत?" मी मान हलवली. मलाही रडू फुटलं होतं, स्वतःच्या तोंडाचा राग आला होता.

मी त्याच आठवड्यात सदाशिव पेठेत गेले आणि काकूंना जे बघितलं ते जसंच्या तसं सांगितलं. त्या खूप वाळल्या होत्या. टेबलावर एक छोटी बाटली होती, तीत दिवसभराचं पाणी मोजून भरून ठेवलेलं. काकू त्या बाटलीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "बघ, जन्मभर मी पाणी नको म्हणाले. आता डॉक्टर म्हणतात." आणि मग, "रडले ते? तुझ्यासमोर?"

"हो."

"माझ्यासमोर नाही कधी रडले." त्यांनी बाटली बाजूला सरकवली. "परवा सुट्टी आहे त्या मशीनपासून. सांग त्यांना, गाडी काढा म्हणावं."

साहेबांची जुनी गाडी होती, क्वचित चालवायचे. त्या दिवशी सकाळी त्यांचा मला फोन, आवाज पार घाईघाईचा. "निघतोय. ऐका, पाण्याचा ग्लास आणू नका. तिला मोजून आहे. मावशींना बजावून ठेवा, सवयीनं आणतील."

गाडी फाटकातून आत आली. काकू उतरल्या, माझा हात धरला, कडुनिंबाखालच्या खुर्चीवर बसल्या. सगळीकडे नजर फिरवली. मावशी लांबूनच नमस्कार करून उभ्या, रिकाम्या हातानं, जीव कासावीस झालेला. "पाणी बी द्याचं न्हाय म्हंत्यात," मला पुटपुटल्या, "असं कसं हाय हे?"

साहेब परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे खिशातला टेप चाचपत उभे होते. शेवटी काकूच म्हणाल्या, "दाखवा, काय बांधलंय ते."

वाटेनं आम्ही दोघी पुढे, साहेब मागे. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "मला आता तसली गरज लागत नाही गं. महिना झाला, बंदच आहे सगळं. मशीनच करतं."

मी जागच्या जागी थांबले. "साहेबांना...?"

"माहीत आहे की. त्यांच्यासमोरच सांगितलं डॉक्टरांनी." त्यांनी माझा हात ओढला. "चल. एवढं बांधलंय माणसानं."

त्या आत गेल्या. कडी लागली. आम्ही दोघं बाहेर, साहेब माझ्याकडे पाठ करून. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग फ्लशचा आवाज आला, नळाचा आला. काकू बाहेर आल्या, पदराला हात पुसत.

"कडी?" साहेबांनी विचारलं.

"लागते."

"खुंटी? उंच तर नाही?"

"बरोबर आहे. पर्स राहिली नीट." मग त्यांनी त्या इमारतीकडे पुन्हा एकदा मान वर करून बघितलं. "चांगलं बांधलंय हो. वेळेवर बांधलं असतंत तर आणखी चांगलं झालं असतं."

साहेब म्हणाले, "हो." बाकी काही नाही. पण काकू बोलत होत्या आणि ते ऐकत होते. दुपारभर दोघं झाडाखाली बसून होते. मावशींची बिनमिठाची भाकरी-भाजी काकूंनी खाल्ली, भाच्याला नावं ठेवली, तंबूच्या रंगाला नावं ठेवली. चारच्या सुमारास ते परत निघाले.

संध्याकाळी मी काळजीनं सदाशिव पेठेत फोन केला. लोणीहून पेठेत यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ झाला होता आणि साहेब फोन उचलत नव्हते. शेवटी काकूंनी उचलला. आवाज थकलेला, पण खणखणीतच.

"आत्ता पोचलो. हे काय गाडी चालवतात! दर पेट्रोल पंपाला थांबवली. थांबवायची आणि मला विचारायचं, जायचंय का? जायचंय का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? उतरले."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. हडपसरच्या अलीकडे एके ठिकाणी तर दाराला कडीच नव्हती. मी आत नुसती उभी, आणि हे बाहेरून दार ओढून धरून उभे राहिले. पंपावरची पोरं हसत होती. मी आतून म्हटलं, अहो, झालं, सोडा आता. तर सोडेचनात."